सही राजाची, सभागृह कुणाचे?

भारताचे संघराज्य कसे उभे राहिले, हा इतिहास आपण बहुधा लंडन, सिमला आणि दिल्लीच्या कागदपत्रांतून वाचतो. गोलमेज परिषदा, १९३५चा कायदा, संस्थानिकांच्या वाटाघाटी, सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी तडीस नेलेले विलीनीकरण असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. त्या क्रमात जव्हार आणि मोखाडा यांची नावे येत नाहीत. आजच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ कोपऱ्यातले हे दोन शेजारी तालुके. पण स्वातंत्र्याआधी एक संस्थान होते आणि दुसरा ब्रिटिश मुलूख. दोन्हीकडे माणसे तीच होती: वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. पीक तेच, नागली-वरईचे. जंगल तेच, सावकारही त्याच जातकुळीचा. कायदा मात्र वेगवेगळा. म्हणूनच संघराज्याच्या इतिहासाला एक साधा प्रश्न विचारायचा तर हे दोन मुलूख शेजारी ठेवून विचारावा. संघराज्यात जायचे की नाही आणि कोणत्या अटींवर जायचे, हे ठरत होते तेव्हा इथल्या माणसाला कोणत्या सभागृहात तोंड उघडता येत होते? माझे उत्तर असे की, दोन्हीकडे कोणत्याच नाही. जव्हारला राजाची सही आडवी होती, मोखाड्याला गव्हर्नरचा अधिकार. संघराज्य इथे आले ते सभागृहावाचून आले, आणि ती उणीव पुढची निदान पन्नास वर्षे या डोंगराने भोगली.

आधी हे दोन मुलूख काय होते ते पाहू. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे याने हे राज्य उभे केले आणि १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्याच्या मुलाला निमशहा हा किताब दिला, असे गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. १६६४ साली सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज याच वाटेने गेले. जव्हारच्या राजाने त्यांची भेट घेतली ती जागा शिरपामाळ म्हणून आजही दाखवतात. पेशवाईत राज्याचा बराचसा मुलूख गेला आणि इंग्रजी अमलात उरले ते सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान. १९०१च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ४७ हजारांच्या आसपास भरली. ९ तोफांच्या सलामीचा मान होता. १९३३ साली संस्थानांच्या एजन्सींची फेरमांडणी झाली तेव्हा हे मराठी मुलखातले संस्थान गुजरात स्टेट्स एजन्सीत बसवले गेले. मोखाड्याला असा काही राजेशाही इतिहास नाही. तो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा, म्हणजे जुन्या कोळवणाचा, एक पेटा, म्हणजे उपविभाग, होता. तिथला कारभार मुंबई सरकारचा. मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ १८६२ पासून भरत होते, तेव्हा कागदावर तरी मोखाड्याला मुंबईत एक सभागृह होते. जव्हारच्या माणसाच्या वाट्याला तेवढेही नव्हते.

आता संघराज्याची योजना पाहू. १९३०च्या पहिल्या गोलमेज परिषदेत संस्थानिकांनी अखिल भारतीय संघराज्याला तत्त्वतः होकार दिला आणि त्यातून १९३५चा कायदा आकाराला आला. त्या कायद्यात संघीय कायदेमंडळाची दोन सभागृहे होती. वरच्या सभागृहात ब्रिटिश हिंदुस्थानला १५६ आणि संस्थानांना १०४ जागा, खालच्या सभागृहात २५० आणि १२५. संस्थानी प्रजा देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे एक चतुर्थांश होती, पण खालच्या सभागृहात संस्थानांना तिसरा हिस्सा आणि वरच्या सभागृहात पाचात दोन हिस्से मिळणार होते. हे प्रतिनिधी निवडून यायचे नव्हते, त्यांची नेमणूक राजाने करायची होती. जव्हारसारख्या लहान संस्थानांचे गट पाडून त्यांना एखादी जागा सामाईक किंवा पाळीपाळीने द्यायची, अशी व्यवस्था होती. संघराज्य सुरू होण्याची अटही राजांवर सोडलेली होती. संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निम्म्या लोकसंख्येची आणि वरच्या सभागृहातल्या निदान ५२ जागांची हक्कदार संस्थाने सामील झाली, तरच ते अस्तित्वात यायचे. संस्थानांच्या बाजूने सामीलनाम्यावर राजाची सही एवढाच आधार कायद्याला पुरेसा होता. प्रजेला विचारावे, निदान तिचे मत नोंदवावे, असे एकही कलम त्यात नव्हते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'फेडरेशन विरुद्ध फ्रीडम' हे व्याख्यान दिले. योजनेचा हाच सांधा त्यांनी उघडा करून दाखवला. एका अंगाला निवडून आलेले आणि दुसऱ्या अंगाला नेमलेले लोक एकाच सभागृहात बसवले तर जबाबदार राज्यपद्धतीची वाढ खुंटेल, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

जव्हारच्या बाबतीत तर राजाची सही हासुद्धा एक औपचारिक समज होता. यशवंतराव मुकणे १९२७ साली गादीवर बसले तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि १९३८ पर्यंत कारभार रीजन्सीकडे होता. १९३५चा कायदा याच काळात झाला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संस्थानिकांची मने वळवण्यासाठी लॅटिमर, वायली आणि लोदियन हे तीन दूत पाठवले, तेही याच काळात. संस्थानी मुलखाच्या नावाने सार्वभौमत्व, तह आणि हक्क यांची जी भाषा चालली होती, तिच्यामागे जव्हारमध्ये एक अज्ञान राजपुत्र आणि पोलिटिकल खात्याच्या नजरेखाली चालणारी रीजन्सी होती. प्रजा तर हिशेबात नव्हतीच, राजाही वयात यायचा होता. यशवंतरावांना अधिकार मिळाले आणि वर्षभरातच, जून १९३९ मध्ये, मुंबईच्या बैठकीत संस्थानिकांनी संघराज्याच्या अटी असमाधानकारक ठरवल्या. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले आणि लिनलिथगो यांनी योजना स्थगित केली. अशा रीतीने संघराज्याची पहिली आवृत्ती मोडली. मोडण्याचे कारण राजांना आपले महसूल, तह आणि अंतर्गत अधिकार धोक्यात दिसले हे होते. प्रजेने ती नाकारली म्हणून ती मोडली नाही. जव्हारच्या पाड्यांतून त्या योजनेला होकारही गेला नव्हता आणि नकारही.

ब्रिटिश मुलखात तरी गोष्ट वेगळी असायला हवी होती. १९३७ साली मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेची निवडणूक झाली, काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. ग. वा. मावळंकर सभापती होते, आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकांवर होते. हे सभागृह तेजस्वी होते यात शंका नाही. काँग्रेसची सत्ता आलेल्या प्रांतांच्या विधानसभांनी १९३५ची योजना अमान्य करून घटना समितीची मागणी केली, त्यात मुंबईही होती. संघराज्याविषयी प्रांतिक सभागृह काही बोलू शकते, याचा तो पुरावा होता. पण या सभागृहाचा शब्द मोखाड्यापर्यंत पोचत होता का? १९३५च्या कायद्याखाली १९३६ साली जो हुकूम निघाला, त्यात 'अंशतः वगळलेले प्रदेश' अशी यादी होती. ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा आणि उंबरगाव हे पेटे तिच्यात होते. कायद्याचे ९२वे कलम सांगत होते की, संघीय किंवा प्रांतिक कायदेमंडळाचा कोणताही कायदा अशा प्रदेशाला आपोआप लागू होणार नाही. गव्हर्नरने जाहीर सूचनेने तसा आदेश दिला तरच तो लागू होईल, आणि गव्हर्नर त्यात अपवाद व फेरफारही करू शकेल. म्हणजे मुंबईच्या सभागृहाने कुळांसाठी किंवा कर्जदारांसाठी एखादा कायदा केला, तर कल्याणच्या शेतकऱ्याला तो त्याच दिवशी लागू आणि मोखाड्याच्या शेतकऱ्याला गव्हर्नर म्हणेल तेव्हा. आणि १७५ जागांत मागास प्रदेश व जमातींसाठी राखलेली जागा किती? साऱ्या प्रांताला मिळून १.

या कलमामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. मैदानातल्या जमीनदार-सावकारांना अनुकूल कायदे डोंगरातल्या लोकांवर लादले जाऊ नयेत, हा विचार त्यात होता. पण सरकारनेच नेमलेल्या डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस या वगळलेल्या प्रदेशांची पाहणी केली, तेव्हा संरक्षणाचे फळ काय हे दिसून आले. वेठ, कर्जाचा कधीही न फिटणारा विळखा, नाममात्र मजुरी आणि खालच्या नोकरांची पिळवणूक हे सारे त्या अहवालात आले. ज्या मुलखाला सभागृहाच्या कायद्यापासून वाचवले होते, त्या मुलखाला सावकारापासून कोणी वाचवले नव्हते. लग्नासाठी काढलेल्या चार पैशांच्या बदल्यात वारली नवराबायको जन्मभर धन्याकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. ही पद्धत मोडायला कायदा हवा होता, आणि कायदा करणाऱ्या सभागृहात ती पद्धत भोगणारा माणूस हवा होता. तो नव्हता, म्हणून प्रश्न सभागृहाबाहेर सुटू लागला. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारल्यांना उभे केले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. तरीही वेठ आणि लग्नगडीची पद्धत त्या लढ्याने मोडली. १९३६च्या यादीत मोखाड्याच्या शेजारी ज्या डहाणू-उंबरगावची नावे होती, तेच हे मुलूख. जिथे सभागृह पोचले नाही तिथे लाल बावटा पोचला, हा त्या यादीचा खरा शेवट आहे.

सभागृह असते तर काय झाले असते, हे बाहेरच्या एका उदाहरणावरून तपासता येते. ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहतींनी १ जानेवारी १९०१ रोजी संघराज्य केले. त्याआधी प्रत्येक वसाहतीच्या पार्लमेंटमध्ये मसुद्यावर वाद झाले, मग लोकांचे मत घेतले गेले. न्यू साउथ वेल्सच्या पार्लमेंटने तर १८९८च्या मतदानासाठी ८०,००० होकारार्थी मतांची किमान अट घातली. बहुमत मिळाले, पण आकडा ७१ हजारांपर्यंतच गेला, म्हणून मसुदा पडला. पुन्हा वाटाघाटी झाल्या, मसुदा बदलला, १८९९ साली दुसऱ्यांदा मत घेतले तेव्हा तो पार झाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया तर १९००च्या जुलैपर्यंत अडून राहिली होती. घटकाच्या सभागृहाला नकार देता येतो आणि त्या नकारामुळे अटी सुधारतात, हे यातून सिद्ध होते. पण त्याच राज्यघटनेच्या १२७व्या कलमाने तिथल्या मूळ रहिवाशांना लोकसंख्येच्या मोजणीतूनच वगळले होते. ते कलम जायला १९६७चे सार्वमत लागले. तेव्हा सभागृह असणे हा अर्धाच भाग झाला. त्या सभागृहात कोण बसते आणि कोणाची मोजणी होते, हा दुसरा अर्धा भाग. मोखाड्याला मुंबईचे सभागृह होते आणि तरी ते त्याचे नव्हते, याचे स्पष्टीकरण या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, १९३५ साली या डोंगरातल्या निरक्षर, विखुरलेल्या वस्तीला सभागृह देऊन काय झाले असते? हा आक्षेप त्या काळीही घेतला जात होता, म्हणून त्याला त्या काळातलेच उत्तर द्यावे. साताऱ्याजवळचे औंध हे ७२ गावांचे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, तेही तुकड्यातुकड्यांत पसरलेले. लोकसंख्येने ते जव्हारच्याच वर्गातले. भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये तिथे स्वराज्याची घटना जाहीर केली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती आणि तिच्यातून संस्थानचे सभागृह, अशी ती रचना होती. औंधची खेडीही दुष्काळी आणि बहुतांशी निरक्षरच होती. ज्या वर्षी मुंबईत जमलेले राजे संघराज्याच्या अटींवर घासाघीस करत होते, त्याच वर्षी एक राजा आपले अधिकार गावच्या पंचायतीला देत होता. तेव्हा साक्षरतेचा प्रश्न पुढे करून सभागृह नाकारणे ही अडचण नव्हती, तो निर्णय होता. शिवाय आदिवासी समाजाला पंचांची बैठक नवी नव्हती. जमातीतले तंटे, लग्ने, दंड हे सगळे बैठकीत चारचौघांदेखत ठरत. १९४६च्या डिसेंबरात घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या या लोकशाही परंपरेची आठवण सभागृहाला करून दिली होती.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. जव्हारचा राजा स्वतःच महादेव कोळी होता, तेव्हा ते राज्य आदिवासींचेच नव्हते काय? या प्रश्नातला अभिमान मी खरा मानतो. सहा शतके एका आदिवासी घराण्याने राज्य टिकवले, ही महाराष्ट्राच्या इतिहासात विरळा गोष्ट आहे आणि पाठ्यपुस्तकांनी तिला योग्य जागा दिलेली नाही. यशवंतरावांनी उभारलेला जयविलास राजवाडा पाहायला लोक आजही जातात. पण राजा आपल्यातला असणे आणि राजाला विचारता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकापासून संस्थानावर खरी हुकमत पोलिटिकल एजंटाची होती आणि राजा त्याला जबाबदार होता, प्रजेला नव्हे. संस्थानी प्रजा परिषदेने १९३९च्या लुधियाना अधिवेशनात, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, ठराव केला की सुमारे २० लाख लोकसंख्या किंवा ५० लाखांचे उत्पन्न असलेली संस्थानेच स्वतंत्र घटक म्हणून उभी राहू शकतील, बाकीच्यांनी शेजारच्या प्रांतात मिसळावे. या मापाने जव्हार कोठेच बसत नव्हते. म्हणजे राजांची योजना आणि प्रजा परिषदेची योजना या दोहोंतही जव्हारच्या माणसासाठी निर्णय वरूनच येणार होता. पहिल्या योजनेत त्याचा राजा बोलणार होता, दुसऱ्या योजनेत त्याचे संस्थानच राहणार नव्हते. मधल्या जागेत तो स्वतः कुठेच नव्हता.

१९४७ साली सामीलनामा आला तो या पार्श्वभूमीवर. हा कागद जवळून पाहण्यासारखा आहे. राजा आपल्या सार्वभौमत्वाच्या अधिकाराने जाहीर करतो की, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय मी डोमिनियनकडे देत आहे. पुढच्या एका कलमात तो म्हणतो की, भावी राज्यघटना स्वीकारण्यास मी यामुळे बांधला जात नाही. आणखी एका कलमात आपल्या मुलखातले सार्वभौमत्व अबाधित असल्याचे तो सांगतो. प्रजा या कर्त्याचा उल्लेख त्यात कोठेही नाही. छापील मसुदा, संस्थानच्या नावासाठी मोकळी जागा, खाली राजाची सही आणि मग गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांची स्वीकृती. मोठमोठ्या वाक्यांनी राखून ठेवलेले ते सार्वभौमत्व वर्षभरही टिकले नाही. १९४८च्या पूर्वार्धात जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले, तेही सहीनेच. घटना समितीत संस्थानांना ९३ जागा होत्या आणि त्यांपैकी निदान निम्मे प्रतिनिधी निवडलेले असावेत असे वाटाघाटींत ठरले होते. ही १९३५च्या मानाने मोठी सुधारणा होती. पण साधारण दहा लाखांमागे एक जागा हे प्रमाण होते, त्यामुळे जव्हारएवढ्या संस्थानाचा आवाज गटाच्या गोळाबेरजेत विरून जाणे अटळ होते.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. फाळणीच्या आगीत साडेपाचशेच्या वर संस्थाने एकत्र आणायची असताना प्रत्येक मुलखात सभागृह भरवून मत घेत बसले असते, तर देश उरला असता का? मला हा आक्षेप मान्य आहे. पटेल आणि मेनन यांच्यापुढे वेळ नव्हता, आणि लहान संस्थानांतली प्रजा राजाच्या सहीच्या बाजूने नव्हे तर विलीनीकरणाच्या बाजूने होती, हे अनेक ठिकाणच्या प्रजामंडळांच्या चळवळींनी दाखवले होते. जव्हारचे विलीनीकरण चुकीचे होते, असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा त्याच्या नंतरचा आहे. घाईत जे वरून केले ते सवड मिळाल्यावर खालून पक्के करायचे असते. तसे झाले नाही. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जव्हार आणि मोखाड्याच्या माणसांनी प्रथमच एकाच कायद्याखाली, एकाच हक्काने मत दिले, हे मोठे पाऊल होते. यशवंतराव मुकणे यांनाही १९६२ साली काँग्रेसच्या तिकिटावर मते मागूनच लोकसभेत जावे लागले. ज्यांच्या नावाने एकेकाळी राजा एकटा सही करू शकत होता, त्यांच्या मतावर तो आता खासदार होत होता. पण मत पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात जंगल, जमीन, रस्ता, दवाखाना यांचे निर्णय ठाण्यात आणि मुंबईत होत राहिले. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा राज्याचे सभागृह हादरले. सभागृहाला ही बातमी मृत्यूंनंतर कळावी, यातच सगळे आले.

काही जण म्हणतील की जव्हारने आपली राजधानी गमावली म्हणून हे झाले, संस्थान राहिले असते तर मुलूख असा कोपऱ्यात पडला नसता. हे मोहक वाटते, पण मोखाडा त्याला खोटे पाडतो. मोखाड्याला कधी राजधानी नव्हती, तो कधी संस्थान नव्हता, आणि तरी कुपोषण, स्थलांतर आणि पाणीटंचाई यांत दोन्ही तालुक्यांची नावे जोडीनेच घेतली जातात. एक राजाच्या हाताखालून आला, दुसरा कलेक्टरच्या, आणि दोघांची अवस्था सारखी झाली. तेव्हा कारण राजवटीच्या नावात शोधून चालणार नाही. दोन्हीकडे सामाईक असलेली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे निर्णयाच्या जागी स्थानिक माणूस नसणे.

राज्याचे सभागृह मजबूत केले की हा प्रश्न सुटेल, असेही मला वाटत नाही, कारण संघराज्यात त्या सभागृहाचाही शब्द अखेरचा नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्याच्या सीमा संसद बदलू शकते, राज्याच्या विधिमंडळाचे फक्त मत विचारायचे असते. १९५५च्या दुरुस्तीने त्यालाही मुदत घालता येऊ लागली. मुंबई राज्याच्या विधिमंडळाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर वेगळे करणारा त्रिराज्याचा प्रस्ताव मतासाठी आला आणि संसदेने १९५६ साली केले मात्र मराठी-गुजराती विशाल द्विभाषिक राज्य. त्याला आव्हान देणाऱ्या बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निर्णय दिला की, संसद त्या मताने बांधलेली नाही आणि बदललेला प्रस्ताव पुन्हा विधिमंडळाकडे पाठवण्याची गरज नाही. मग संयुक्त महाराष्ट्र मिळाला तो रस्त्यावरच्या लढ्याने आणि मतपेटीने. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा उंबरगाव तालुक्यातली गावे गुजरातेत गेली, मोखाडा आणि जव्हार महाराष्ट्रात राहिले. १९३६च्या यादीत एका ओळीत असलेले शेजारी दोन राज्यांत वाटले गेले. राज्याच्या सभागृहाला आपली हद्दही एकट्याने ठरवता येत नसेल, तर पाड्यावरच्या माणसाने आपले सगळे त्याच्या भरवशावर सोडून कसे चालेल?

म्हणून या कहाणीतला निर्णायक टप्पा मी १९४७ किंवा १९६० मानत नाही. तो १९९६चा आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने वगळलेल्या प्रदेशांचा वारसा अनुसूचित क्षेत्र या नावाने चालू ठेवला होता. ठक्कर बाप्पांच्या अध्यक्षतेखालच्या घटना समितीच्या उपसमितीने त्याची पायाभरणी केली होती. पण त्यातही राज्यपालाचा अधिकार मोठा आणि गावाचा आवाज लहान, हे जुने प्रमाण कायम होते. भुरिया समितीच्या शिफारशींनंतर १९९६ साली आलेल्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत पंचायतींचा विस्तार करणाऱ्या कायद्याने, ते प्रथमच उलटे केले. गाव म्हणजे महसुली नोंदीतले गाव एवढेच न मानता वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूहही गाव ठरू शकतो, आणि त्या गावची ग्रामसभा आपल्या रूढी, आपली साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याची आपली रीत यांची राखण करण्यास समर्थ आहे, असे या कायद्याने म्हटले. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे हक्क तपासण्याची सुरुवात ग्रामसभेपासून केली. महाराष्ट्राने पेसाचे नियम मात्र २०१४ साली केले, कायद्यानंतर १८ वर्षांनी. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. आज जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत, विधानसभेच्या एकाच विक्रमगड मतदारसंघात आहेत, आणि जुन्या संस्थानी-खालसा सीमेचा मागमूस राहिलेला नाही.

संघराज्य या मुलखाचे जे देणे लागत होते ते कायद्याच्या पुस्तकात आता उतरले आहे. उरला आहे तो वापर. तलाठी आणि ग्रामसेवकाच्या सोयीने कोरम भरून, तयार ठरावावर अंगठे घेऊन ग्रामसभा उरकली जाते, तिथे १९४७च्या छापील सामीलनाम्याचीच पुनरावृत्ती होते. मसुदा दुसऱ्याचा आणि सही आपली. जव्हार-मोखाड्याच्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे की, ठरावाचा मसुदा स्वतः लिहा, पाड्याच्या बैठकीत वाचून दाखवा, पटला नाही तर नाकारा आणि तो नकार इतिवृत्तात नोंदवून घ्या. न्यू साउथ वेल्सच्या नकाराने एका खंडाच्या राज्यघटनेतल्या अटी बदलल्या. तुमच्या पूर्वजांना नकार द्यायला कधी सभागृह मिळाले नाही. तुम्हाला ते मिळाले आहे आणि कायदा तुमच्या बाजूने आहे.